गाळे एलएलपीत टाकायचे का? आधी कवच कुणाला हवंय ते ठरवा



"सर, आमचे चार गाळे एलएलसीत टाकून दिले तर? मग कुणी हात लावू शकणार नाही ना?"

हा प्रश्न चांदवडच्या दोन भावांचा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, पण अडचण खरी आहे आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरातली आहे. महामार्गाच्या कडेला वडिलांनी बांधलेले चार गाळे. वडील गेले, आईने आणि बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, गाळे दोघा भावांच्या नावावर निम्मे-निम्मे लागले. थोरला कांद्याचा व्यापारी. बाजार समितीत माल घेतो, धंदा स्वतःच्याच नावावर. धाकटा शिक्षक.

थोरल्याचं गेलं वर्ष वाईट गेलं. चढ्या भावाने घेतलेला माल गोदामात पडून राहिला, बराच सडला, उरलेला उतरत्या भावाने काढावा लागला. आता देणेकरी दारात यायला लागलेत. आणि झोप उडालीय ती धाकट्याची. कारण गाळ्यांच्या भाड्यावर आईची औषधं आणि मुलीचं कॉलेज चालतं. दादाच्या धंद्यापायी हे गाळे जातील का, एवढाच त्याचा प्रश्न. त्यात न्यू जर्सीतल्या मावसभावाने फोनवर सांगितलं, "अरे, आम्ही इकडे भाड्याची घरं एलएलसीतच ठेवतो. तुम्ही पण करून टाका."

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दोन-चार गाळे किंवा खोल्या असलेल्या चांदवडच्या कुटुंबाने त्या कंपनीत किंवा एलएलपीत टाकू नयेत. कवच हवंय, पण ते मिळकतीला नाही, धंद्याला हवंय. आपण नेमकं उलटं करतो. धंदा उघड्यावर ठेवतो आणि भिंतींना चिलखत घालायला निघतो.

आता असं का म्हणतोय, ते एकेक करून बघू.

न्यू जर्सीचा सल्ला चांदवडला का लागू होत नाही

मावसभाऊ खोटं बोलत नाही. त्याच्या गावी ते बरोबरच आहे. एलएलसी हा प्रकार अमेरिकेत पहिल्यांदा वायोमिंग राज्याने १९७७ साली कायदा करून आणला. तो तिकडे एवढा चालला त्याचं मोठं कारण कर. एका मालकाची एलएलसी असेल, तर तिकडचं आयकर खातं नेहमीच्या पद्धतीत तिला वेगळा करदाता धरतच नाही. भाडं थेट मालकाच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये जातं. दोन-तीन मालक असले तर भागीदारीसारखं वाटून प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये जातं. म्हणजे कवच कंपनीचं आणि कर माणसाचा. दोन्हीकडून फायदा. तरीही खर्च असतोच; कॅलिफोर्नियात एलएलसीला वर्षाला किमान ८०० डॉलर भरावेच लागतात. पण एकूण हिशेब जमतो.

आपल्याकडे एलएलसी नावाचा प्रकार नाही. आपल्याकडे आहे एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. कायदा २००८ चा, लागू झाला ३१ मार्च २००९ पासून. किमान दोन भागीदार लागतात. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण आयकराच्या दृष्टीने एलएलपी हा स्वतंत्र करदाता आहे. तिला स्वतःचा पॅन, स्वतःचं रिटर्न आणि पहिल्या रुपयापासून सरळ ३० टक्के कर. वर ४ टक्के सेस धरला की ३१.२ टक्के. तुम्हाला मिळणारे स्लॅब तिला नाहीत, रिबेटही नाही.

अमेरिकेचा व्हिडिओ बघून इथे एलएलपी काढणाऱ्याला पहिला दणका इथे बसतो.

आकडा मांडून बघू

वही घ्या. चार गाळे, प्रत्येकी महिना १५,००० रुपये भाडं. महिन्याला ६०,०००, वर्षाला ७,२०,०००. नगरपरिषदेची घरपट्टी २०,००० भरली असं धरू. राहिले ७,००,०००. घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, म्हणजे २,१०,०००. करपात्र उत्पन्न ४,९०,०००.

हे गाळे एलएलपीत असतील तर ४,९०,००० वर ३१.२ टक्के, म्हणजे १,५२,८८० रुपये कर. भागीदारांच्या हातात आलेला नफा पुन्हा करपात्र नसतो, हे खरं. पण दीड लाख आधीच गेलेले असतात.

हेच गाळे दोघा भावांच्या नावावर ठरलेल्या हिश्शाने असतील, तर कायदा प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजतो. प्रत्येकाच्या वाट्याला २,४५,०००. आर्थिक वर्ष २०२५–२६ च्या नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीचं साधं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो. धाकट्याचा करपात्र पगार ७ लाख धरा, त्यात हे २,४५,००० मिळवा. ९,४५,०००. कर शून्य. थोरल्याचं तर यंदा उत्पन्नच नाही.

एकीकडे शून्य, दुसरीकडे दीड लाख. दरवर्षी. मुलीच्या कॉलेजची फी याच पैशात भागते.

"मग प्रायव्हेट लिमिटेड करू?" कंपनीला सवलतीचा पर्याय घेतला तर सेस-सरचार्ज धरून २५.१६८ टक्के कर. पण उरलेला नफा लाभांश म्हणून घरी आणला की तुमच्या हातात त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा कर. आणि एक रुपयाची उलाढाल असो वा नसो, ऑडिट दरवर्षी सक्तीचं. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या आणि भागभांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखालच्या ऑडिटमधून सूट आहे. तरी फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ दरवर्षी ३० ऑक्टोबरपर्यंत भरावाच लागतो. धंदा शून्य असला तरी. विसरलात की विलंब शुल्क चढत जातं. मी अशा एलएलपी बघितल्यात ज्यांनी कमाईपेक्षा दंड जास्त भरला.

काही जण हुशारी करतात. म्हणतात, "एलएलपीत भाड्याला धंद्याचं उत्पन्न दाखवू, भागीदारांना पगार देऊ, नफा कमी करू." थांबा. यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेलेली आहेत. २०१५ साली चेन्नई प्रॉपर्टीजच्या खटल्यात ज्या कंपनीचा मुख्य उद्देशच मिळकती भाड्याने देणं होता, तिचं भाडं धंद्याचं उत्पन्न मानलं गेलं. पण २०१७ साली आपल्या मुंबईतल्या राज दादरकर अँड असोसिएट्स या भागीदारी फर्मच्या प्रकरणात उलटा निकाल लागला. त्या फर्मने महापालिकेच्या मार्केटची जागा घेऊन तिथे दुकानं, स्टॉल बांधून भाड्याने दिले होते. न्यायालय म्हणालं, हे घरभाड्याचंच उत्पन्न. करारनाम्यात उद्देश लिहिला म्हणून धंदा होत नाही, प्रत्यक्षात पद्धतशीर धंदा चालतोय हे दाखवावं लागतं. आणि राहत्या घराचं भाडं असेल तर १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मालकाला ते धंद्याखाली दाखवताच येत नाही. म्हणजे चार गाळे चार भाडेकरूंना देऊन महिन्याच्या पाच तारखेला भाडं घेणं, एवढ्यावर "आमचा धंदा आहे" म्हणणं टिकेलच असं नाही.

आत टाकतानाही पैसे, बाहेर काढतानाही पैसे

आता समजा कर मोजूनही तुम्ही ठरवलं की टाकायचेच. तर गाळे एलएलपीत "टाकणं" म्हणजे काय? नुसता ठराव करून होत नाही. मालकी बदलते. तुमच्या नावावरून दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर, कारण कायद्याने एलएलपी ही वेगळी व्यक्ती आहे.

महाराष्ट्रात भागीदार मिळकत भांडवल म्हणून आणतो तेव्हा खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं. गाळ्यांची किंमत ८० लाख आणि शुल्क ५ टक्के धरलं, तरी ४ लाख रुपये. एकही नवी वीट न लावता. शिवाय आयकरात ही विक्रीच धरतात. एलएलपीच्या पुस्तकात जी किंमत नोंदवाल ती विक्रीची किंमत, आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर तुमच्या डोक्यावर. वडिलांनी गाळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधले असतील तर नफा मोठाच निघणार.

बाहेर काढतानाही तेच. २०२१ च्या वित्त कायद्याने नियम आणखी कडक केले. भागीदार निवृत्त झाला किंवा फर्म मोडली आणि मिळकत भागीदाराला दिली, तर तिथेही कर मोजला जातो.

आणि पुढे विकायची वेळ आली तर? जुनी मिळकत विकून त्या पैशात घर घेतल्यावर भांडवली नफ्यात मिळणारी सूट व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीवर १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी ते निवडायची मुभाही त्यांनाच आहे. एलएलपीला यातलं काहीच नाही. राहतं घर मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला बक्षीसपत्राने द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक २०० रुपयांचा. घर एलएलपीच्या नावावर असेल तर कुठला मुलगा आणि कुठली मुलगी?

कवच खरंच किती जाड आहे?

ठीक आहे, कर भरू, मुद्रांक भरू, पण गाळे तरी वाचतील ना? हाच मूळ प्रश्न. इथे एलएलपीची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. मिळकत एलएलपीची असेल तर एका भागीदाराच्या खासगी देणेकऱ्याला थेट गाळ्यावर हक्क सांगता येत नाही. त्याचा हात फार तर त्या भागीदाराच्या नफ्याच्या वाट्यापर्यंत पोचतो. हा खरा फायदा आहे. पण या कवचाला तीन मोठी भोकं आहेत.

पहिलं भोक बँकेचं. एलएलपीच्या नावावर कर्ज मागायला गेलात की बँक भागीदारांची वैयक्तिक हमी मागते. तुम्ही सही करता. तिथे मर्यादित दायित्व संपलं. २१ मे २०२१ रोजी ललित कुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण मिटलं म्हणून हमी देणारा माणूस आपोआप सुटत नाही.

दुसरं भोक निष्काळजीपणाचं. गाळ्याची वायरिंग सडलीय, स्लॅब गळतोय, तुम्हाला माहीत आहे, तरी दुर्लक्ष केलंत आणि माणूस दगावला. फौजदारी जबाबदारी माणसाची असते. १९९७ साली दिल्लीतल्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत ५९ जीव गेले. ते सिनेमागृह एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं होतं. तरी कंपनीमागच्या माणसांवर खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांना दोषी धरणं कायम ठेवलं. एलएलपी कायदाही सांगतो, की भागीदाराच्या स्वतःच्या चुकीच्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावरच राहते, आणि फसवणुकीच्या हेतूने व्यवहार केला तर दायित्वाला मर्यादाच राहत नाही.

तिसरं भोक वेळेचं, आणि आपल्या दोघा भावांसाठी हेच महत्त्वाचं. देणी थकल्यानंतर देणेकऱ्यांना चुकवायला मिळकत दुसरीकडे वळवली, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५३ प्रमाणे देणेकरी तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, तसलं हे काम. फक्त इथे खणलेली विहीर बुजवण्याचा खर्चही तुमच्याच माथी.

आणि एक गोष्ट थोरल्याला तोंडावर सांगितली, तुम्हालाही सांगतो. त्या देण्यांत शेतकऱ्याचे पैसे असतील, तर ते बुडवण्याचा रस्ता माझ्याकडे विचारू नका. चाळीतला कांदा ज्याने तुमच्या शब्दावर दिला, त्याच्यापुढे कुठलंही कवच घालून उभं राहू नये. मर्यादित दायित्व हे प्रामाणिकपणे धंदा करून बुडालेल्यासाठी आहे, बुडवणाऱ्यासाठी नाही.

मग कवच कुणाला घालायचं?

धोका कुठून येतो ते बघा. गाळा एका जागी उभा असतो. तो उधारीवर माल घेत नाही, कुणाला चेक देत नाही, भाव पडला म्हणून सडत नाही. दोघा भावांच्या घरावर आलेलं संकट गाळ्यांनी आणलेलं नाही. ते कांद्याच्या धंद्यातून आलं, कारण धंदा आणि घर एकाच खिशात होते. स्वतःच्या नावावरच्या धंद्याची देणी माणसाच्या सगळ्या मिळकतीवर येतात. त्यात वडिलांच्या गाळ्यातला निम्मा हिस्साही आला.

म्हणून माझं सांगणं: धंदा एलएलपीत किंवा कंपनीत न्या, मिळकत माणसांच्या नावावर राहू द्या. व्यापार, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वर्कशॉप, ढाबा, केटरिंग, ट्रान्सपोर्ट, ठेकेदारी, जिथे उधारी, कामगार, वाहन, अपघात आहे, तिथे कवच लागतं. तिथे ३१.२ टक्के कराचंही तितकं ओझं नसतं, कारण धंद्याच्या उत्पन्नातून काम करणाऱ्या भागीदारांचा पगार मर्यादेत वजा करता येतो. धंद्याला गाळा हवा असेल तर स्वतःचाच गाळा एलएलपीला रीतसर भाड्याने द्या. करार करा, भाडं बँकेतून घ्या. आणि धंद्याच्या कर्जाला गाळा गहाण ठेवायची किंवा वैयक्तिक हमी द्यायची वेळ आली, तर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा, की या सहीने कवच इथे उघडतंय.

आपल्या गावाला ही कल्पना नवी नाही. चांदवडात होळकरांचा रंगमहाल आहे. त्या होळकरांच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब होते. राज्याचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि मंदिरं बांधली, त्यासाठी खासगीचा पैसा वापरल्याचं इतिहास सांगतो. फौजेचा पैसा देवळाला नाही. आपण मात्र गल्ल्यातून किराणा भरतो आणि भाड्याच्या पैशातून व्यापाऱ्याला आगाऊ देतो. खिसे वेगळे नसतील तर एलएलपीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून काही होत नाही.

गाळ्यांना खरं संरक्षण कशाने मिळतं

चार कामं आहेत, आणि चारही मिळून एलएलपीच्या एका वर्षाच्या करापेक्षा स्वस्त आहेत.

एक, नोंदणीकृत भाडेकरार. अजूनही आपल्याकडे ११ महिन्यांचा नोटरी केलेला कागद चालतो. "अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलट सिद्ध करत नाही. खर्च किती? लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या व्याजावर ०.२५ टक्के मुद्रांक. १५,००० भाडं, ३६ महिने, ५०,००० अनामत धरली तर साधारण १,४०० रुपये. वर नोंदणी फी हजाराच्या घरात. घरबसल्या ऑनलाइन होतो. मोबाइलच्या कव्हरपेक्षा थोडा जास्त खर्च, आणि वाचतं काय, तर गाळा.

दोन, विमा. आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून साध्या, एकसारख्या पॉलिसी आणल्यात. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि ५ कोटींपर्यंतच्या व्यावसायिक जोखमीसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. आग, पूर, भूकंप यात येतात. मात्र तिसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईसाठी पब्लिक लायबिलिटीचं संरक्षण वेगळं मागून घ्या. मिळकतीवरचा खरा धोका इथे आहे आणि त्याचा उपाय हप्त्यात मिळतो.

तीन, मालकी स्पष्ट करा. "दोघांचे मिळून चार गाळे" ही मालकी भांडणाची आहे. अविभक्त हिस्सा जप्त होऊन लिलावात परक्याने घेतला, तर तो उद्या वाटणीचा दावा घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. त्यापेक्षा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. पहिले दोन याचे, पुढचे दोन त्याचे. नगरपरिषदेच्या दफ्तरी आणि सिटी सर्व्हेला नोंदी वेगळ्या करून घ्या.

चार, वेगळं बँक खातं. भाडं रोख घेऊ नका. भाड्याचं खातं वेगळं, घरपट्टी आणि विम्याचा हप्ता त्यातूनच. भाडेकरूने महिना ५०,००० च्या वर भाडं देताना टीडीएस कापला का, व्यावसायिक भाडं आणि इतर करपात्र उलाढाल मिळून वर्षाला २० लाखांच्या वर जाते का, म्हणजे जीएसटी नोंदणी लागेल का, हे सगळं त्या एका पासबुकावर दिसतं.

एलएलपी कधी करावी?

मी एलएलपीच्या विरोधात नाही. तीन ठिकाणी मी स्वतःच सांगेन, करा.

पहिलं, जेव्हा भागीदार एका घरातले नसतात. चार मित्रांनी मिळून महामार्गालगत बिनशेती प्लॉट घेतला, गोदाम बांधायचंय. उद्या एक मित्र गेला तर उताऱ्यावर त्याची बायको, तीन मुलं, आई अशी पाच नावं चढतील, आणि गोदामाच्या प्रत्येक कागदावर सगळ्यांच्या सह्या लागतील. एलएलपी असेल तर मिळकत एलएलपीचीच राहते, वारसांना काय आणि कसं द्यायचं ते करारनाम्यात आधीच लिहिता येतं. मात्र पहिल्याच दिवशी, खरेदीच एलएलपीच्या नावाने करा, म्हणजे दुसऱ्यांदा मुद्रांक नको. आणि शेतजमीन या रस्त्याने घेता येईल असं समजू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं.

दुसरं, जेव्हा भाड्याबरोबर सेवा असते. आपल्या गावात नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या कॉलेजांत बाहेरगावची मुलं शिकायला येतात. त्यांच्यासाठी मेस, सफाई, वॉर्डनसह हॉस्टेल चालवलं, किंवा लॉन्स-मंगल कार्यालय चालवलं, तर तो धंदा आहे. कामगार आहेत, गर्दी आहे, गॅसच्या शेगड्या आहेत. इथे चालवणारी एलएलपी वेगळी आणि जागेचा मालक वेगळा ठेवा.

तिसरं, जेव्हा सगळेच भागीदार आधीपासून ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहेत. मग कराचा फरक उरत नाही, आणि बाकीचे फायदे तोलून बघता येतात.

तुम्ही या तिन्हींत बसत नसाल तर नोंदणीची फी वाचवा आणि त्या पैशात गाळ्याची वायरिंग बदला.

दोघा भावांचं काय ठरलं

एलएलपी नाही ठरली. ठरलं ते असं. देण्यांची यादी केली, शेतकऱ्यांची नावं सगळ्यात वर. थोरल्याने दोन गाळे स्वतःच्या वाट्याला घेऊन बरोबरीची वाटणी करायची, आणि गरज पडली तर त्यातला एक स्वतःहून, चांगल्या भावाने विकून देणी भागवायची. वाटणी खरी आणि बरोबरीची असावी, देणेकऱ्यांपासून लपवलेली नसावी, म्हणून वकिलाच्या सल्ल्यानेच करायची. पुढचा हंगाम सुरू करायचा तो नव्या एलएलपीत, नव्या खात्यावर. धाकट्याचे दोन गाळे त्याचे राहतील.

हे सांगितल्यावर थोरला थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, एक गाळा जाणारच." हो, कदाचित जाईल. पण एक जाईल. चारही जाणार नाहीत, आणि भाऊही जाणार नाही.

मित्रांनो, या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या मिळकतीचा उतारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. भाडेकरार नोंदणीकृत आहे का ते बघा. आणि धंदा कुणाच्या नावावर आहे, कर्जाच्या कुठल्या कागदावर कुणाची सही आहे, याची एक पानभर यादी करा. ती यादी घेऊन तुमच्या सीएकडे आणि वकिलाकडे जा. दर आणि नियम दर बजेटला हलतात, म्हणून वरचे आकडे त्यांच्याकडून तुमच्या केससाठी तपासून घ्या. एलएलपी काढायची की नाही, ते ती यादी वाचल्यावर ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.